साठ पावलांवरून

सोमवार, ३ नोव्हेंबर

पुन्हा तेच! सकाळी सकाळी प्रकाशकाचा फोन—"मॅडम, मुखपृष्ठ छान आहे, पण उठाव नाही." उठाव म्हणजे काय ते त्यांना कधीच सांगता येत नाही. शेवटी पोटातलं ओठावर आलं. लेखकाचं नाव मोठं हवं, पुस्तकाचं नावही मोठं हवं आणि 'दुसरी आवृत्ती' हे तर त्याहून मोठं हवं. म्हटलं, सगळेच ओरडायला लागल्यावर ऐकू कुणाचं येणार? "ते तुम्ही बघा," म्हणाले आणि फोन ठेवला. बघते! जुन्या विहिरींवरचं पुस्तक आहे. मला पानभर काळोख हवाय आणि त्यात एकच जाड शब्द. बाकी सगळं केसाएवढं बारीक. यालाच उठाव म्हणतात, पण सांगणार कुणाला!

दुपारी मात्राकाका आले. किती महिन्यांनी! वीस वर्षं आम्ही एकाच छापखान्यात. ते प्रुफं तपासायचे, मी शेजारच्या टेबलावर पानं लावायची. काना-मात्रा-वेलांटी एकही त्यांच्या नजरेतून सुटायची नाही, म्हणून सगळे मात्राकाका म्हणायचे. मला अक्षरांतलं जे काही कळतं ते त्यांच्यामुळे. आता सत्तरी उलटली. जिना चढून आले तर धाप लागली होती.

पाणी प्यायले. पेला खाली ठेवला. म्हणाले, "सून हरवलीय."

एखादं पान गहाळ झाल्यासारखं म्हणाले! अकरा दिवस झाले म्हणे. पोलिसांत कळवलंय, सज्ञान बाई आहे म्हणाले आणि कागद ठेवून घेतला. "मुलगा म्हणतो, पोस्टर लावू या. तुझ्याकडूनच करून घ्या म्हणतो." खिशातून फोटो काढून टेबलावर ठेवला. पालथा.

ती मला दोनदा भेटलेली. एकदा लग्नात. एकदा काकांची विसरलेली छत्री न्यायला आली होती, तेव्हा भिंतीवरची माझी मुखपृष्ठं बघत उभी राहिली. "यातलं आधी काय वाचायचं ते तुम्ही ठरवता?" हो म्हटलं. "भारी आहे," म्हणाली.

सव्वीस वर्षांची. माझ्या लेकीहून दोनच वर्षांनी लहान.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

पोस्टर दोन तासांत झालं. रस्त्यावरचा माणूस वाचत नसतो, चालत असतो. त्याला थांबवायला एक शब्द पुरतो. 'हरवली आहे'—कागदाच्या रुंदीभर, असेल तेवढा जाड टाइप. त्याखाली चेहरा. मग नाव, वय, उंची, डाव्या भुवईवर जुना व्रण—हे सगळं बारीक, पण मोकळं. तळाशी फोनचा नंबर पुन्हा जाड. नजर मथळ्यावर आदळते, चेहऱ्यावर उतरते, नंबरावर जाऊन थांबते. अर्ध्या मिनिटाचं काम.

काका चार वाजता आले. सवयीनं लाल पेन्सिल काढली. मथळ्याभोवती गोल—'लहान'. नंबराभोवती गोल—'लहान'.

"काका, लांबून दिसणार नाही."

"फार ओरडल्यासारखं वाटतं गं. घरातली गोष्ट आहे."

समजू शकते. चार लोकांत शोभा होते. पण याच माणसानं पहिल्या आठवड्यात मला झापलं होतं! मी मथळा मजकुरापेक्षा किंचित मोठा केला होता, तर सगळ्यांदेखत कागद परत केला—"फरक करायचा तर असा कर की झोपेतल्या माणसालाही कळेल. एवढासा फरक म्हणजे लोकांना वाटतं, टाइप चुकला." ते वाक्य मी आजवर किती पोरांना ऐकवलं असेन.

आणि आज तेच एवढासा फरक मागतायत.

बुधवार, ५ नोव्हेंबर

मथळा अर्ध्यावर आणला. नंबर मजकुराएवढा. बघवत नाही.

फोटो मोठा करून साफ करत होते. कुठल्या तरी समारंभातला आहे. ती कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, जरा बाजूला, चौकटीबाहेर कुणाकडे तरी बघतेय. मागचा अंधार उजळला तर तिच्या दंडावर चार बोटं दिसायला लागली. फोटोत माणूस नाहीच. नुसती बोटं. दचकलेच! दुसऱ्या कुणाचा हात होता, तो माणूस कुणी तरी कापून टाकलाय आणि बोटं तेवढी राहिलीत. चेहऱ्याजवळ नजर खेचून घेत होती, म्हणून मीही कापली.

काकांनी प्रूफ हातात घेतलं आणि आधी तेच विचारलं. "हात काढलास?"

"वाईट दिसत होता."

कागद उजेडाकडे धरून पाहिला. "बरं केलंस," म्हणाले.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

काका आले नाहीत. विहिरीचं मुखपृष्ठही पुढे सरकलं नाही. चष्मा घातला तरी डोळे चुरचुरतायत.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

तिसरं प्रूफ. आज हद्द झाली!

काळी शाई नको. "फार भडक." मग? राखाडी. आणि कागद? खिशातून तुकडा काढून दाखवला—तोही राखाडीच! राखाडीवर राखाडी. भुवईवरचा व्रण काढून टाकायला लावला. "कशाला, पुढे तिलाच वाईट वाटेल." मी म्हटलं, अहो ओळखायची खूण आहे ती! तर म्हणाले, "काढ." उंचीसुद्धा दोन बोटं कमी केली. प्रुफं तपासण्यात जन्म गेला त्या माणसाचा, आणि स्वतःच्या हातानं चूक घालतोय!

मी हट्टानं विचारलं, "काका, ती सापडायला हवीय ना तुम्हाला?"

पेन्सिलीला टोक करत होते. मान वर न करता म्हणाले, "तिला गलका सोसत नाही. डोकं चढतं."

मी काय विचारलं, हे काय सांगतायत! आणि 'सोसत नाही'. अकरा दिवस—नाही, आता पंधरा दिवस—जी दिसली नाही तिच्याबद्दल माणूस असं बोलेल? सकाळीच भेटून आल्यासारखं? ते गेल्यावर प्रूफ हातात घेऊन बसले. चेहरा कागदात विरत चाललाय. मंगळवारी ती हात लावावा इतकी जवळ होती. आज धुक्यात उभी आहे. आणखी एक प्रूफ निघालं तर दिसणारच नाही. हे माझ्याच हातून चाललंय.

रविवार, ९ नोव्हेंबर

पोस्टरं लागली. काकांनी स्वतः खळ घेऊन लावली म्हणे, खालच्या बाइंडरानं पाहिलं. "ताई, म्हातारा माणूस एकटाच लावत होता हो. आणि लावतोय कुठं, तर चिंचोळ्या बोळात!"

बघायला गेले. बाजाराच्या कोपऱ्यावर एकच सापडलं, खांबाच्या आतल्या अंगाला. समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसले आणि मोजत राहिले. अर्ध्या तासात दोनशेच्या वर माणसं गेली. एकानंही मान वळवली नाही. एक बाई तर पोस्टरला टेकून उभी राहून कुणाची वाट बघत होती! तिचं डोकं बरोबर त्या चेहऱ्यावर. गेली तेव्हा कागदाला तेलाचा डाग.

ऊन होतं, गर्दी होती, आणि मला मात्र अंगावर काटा आला. भर बाजारात, दोनशे माणसांत, ती दुसऱ्यांदा नाहीशी झाली होती. आणि कसं करायचं ते मला माहीत आहे. ज्याला अक्षर दिसावं कसं हे कळतं, त्याला ते दिसू नये कसं हेही कळतं. मला कळतं. काकांना माझ्याहून जास्त.

सोमवार, १० नोव्हेंबर

फोटो परत द्यायच्या निमित्तानं काकांच्या घरी गेले. दार उघडायला वेळ लावला.

घर एकदम टापटीप. काकू गेल्यापासून पहिल्यांदाच इतकं. मागच्या गॅलरीत दोरीवर कपडे वाळत होते. बायकी कपडे. दोन कुडते, ओढणी, रात्री घालायचा गाऊन. ओले! खाली पाणी ठिबकत होतं.

मी बघितलं ते त्यांनी बघितलं. "धूळ बसते," म्हणाले. "पडून पडून वास मारतात कपडे."

बस म्हणाले नाहीत. मला दाराशी पोचवायला आले ते माझ्या आणि गॅलरीच्या मधून. खाली उतरले तेव्हा लक्षात आलं, फोटो पर्समध्येच राहिला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच का? छे, मी काय विचार करतेय! वीस वर्षं ओळखते. ज्यांच्या डब्यातलं खाल्लं, माझे हे गेले तेव्हा जे तीन दिवस दाराशी बसून होते, त्यांच्याबद्दल?

पण अठरा दिवस हरवलेल्या मुलीचे कपडे ओले कसे?

मंगळवार, ११ नोव्हेंबर

चिरंजीवांचा फोन आला. म्हणजे काकांचा मुलगा, तिचा नवरा. आम्ही छापखान्यात त्याला चिरंजीवच म्हणायचो, काका कौतुकानं म्हणायचे म्हणून. चष्म्याचं दुकान आहे त्याचं. "मावशी, जरा येऊन जाल? डोळेही तपासून देतो."

गेले. सुरेख दुकान. चारी भिंतींना आरसे, गिऱ्हाइकाला चष्मा लावून बघायला. कुठंही बघा, तोच दिसतो, सहा-सात ठिकाणी एकदम. आवाज इतका मऊ की कान द्यावा लागतो. आतल्या खोलीत अंधार करून मला त्या यंत्रापाशी बसवलं. हनुवटी टेकवा. हलू नका. भिंग बदलल्याचा खट् आवाज. "हे स्पष्ट दिसतं की हे?" खट्. "हे की हे?" मानेशी त्याचा श्वास लागत होता. बाहेर आल्यावर उजेडात बरं वाटलं.

मग म्हणाला, "पोस्टर पाहिलं. मावशी, ते तुमचं काम वाटत नाही." मी दिवसभर लोकांना अक्षरंच दाखवतो, म्हणाला, मला कळत नाही का? त्या पोस्टरचा मजकूर म्हणजे तक्त्यावरची शेवटची ओळ. कुणालाच वाचता येणार नाही.

वडिलांनी करायला लावलं असं सांगू? त्यानंच सांगितलं. बाबांचं हल्ली डोकं ठिकाणावर नाही. तिचे कपडे धुतात. एकटेच पुटपुटतात. सकाळी पिशवी घेऊन कुठं जातात, दुपारी येतात. विचारलं तर बोलत नाहीत.

गल्ल्याकडे बोट दाखवलं. "तिथं बसायची. मी दुकानात कुठंही उभा असलो तरी मला आरशात दिसायची." डोळे भरून आले त्याचे. चष्मा काढून पुसला. मग अगदी हळू—"मावशी, मला कधी कधी वाटतं, ती कुठं आहे ते बाबांना माहीत आहे." थोडं थांबून—"जिवंत असेल ना हो?"

ओले कपडे डोळ्यांपुढून हलत नव्हते.

बुधवार, १२ नोव्हेंबर

केलं!

काकांना न सांगता. सकाळी सहाला बसले ते अकराला उठले. मूळ फोटो पुन्हा घेतला, अगदी जवळून, कपाळ ते हनुवटी एवढाच. बोटं परत कापली. मागचं सगळं पांढरं केलं. भुवईवरचा व्रण राहू दिला, नव्हे, जरा उठवला. 'हरवली आहे' असं लांबण लावलंच नाही. एकच शब्द. 'पाहिलीत?' कागदभर. पिवळ्यावर काळा. शिरोरेघ अंगठ्याएवढी जाड. त्याखाली सगळं इतकं बारीक की जाडाच्या शेजारी कुजबुजल्यासारखं वाटावं, म्हणजे माणूस आपणहून पुढे सरकेल, कान लावल्यासारखा. आणि नंबर—नुसता उभा, मोकळ्या जागेत, वर खाली काही नाही.

भिंतीला लावून मागे मागे जात गॅलरीच्या टोकापर्यंत गेले. वाचता आलं. खाली रस्त्यावर नेऊन बाइंडराला धरायला लावलं आणि पावलं मोजत गेले. चाळीस. पन्नास. साठ पावलांवरून तो शब्द वाचता येतो! चेहरा ओळखू येतो!

एवढ्या वर्षांत एवढं नेमकं काही केलं नव्हतं. वाईट वाटतं लिहायला, पण मी खूश होते. ती हरवलीय हे घटकाभर विसरलेच होते.

चिरंजीव स्वतः येऊन फाइल घेऊन गेला. वाकून नमस्कार केला. "तुम्ही मला आईच्या जागी," म्हणाला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

तीनशे लागली. बसस्थानकावर, पुलावर, दवाखान्याच्या फाटकापाशी, शेजारच्या गावांतसुद्धा. बाइंडर म्हणाला, "ताई, धावत्या गाडीतून वाचता येतं हो!" आमच्या जिन्याखालीही एक लावलंय.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सकाळी खिडकीतून पाहिलं तर खाली काका. जिन्याखालच्या पोस्टरपुढे. हातात कापडी पिशवी. मी आत सरकले. पण वर आलेच.

रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. उभ्या उभ्याच विचारलं, "किती छापली?"

"तीनशे."

"गावाबाहेर?"

"हो. बसगाड्या जातात तिथं सगळीकडे."

भिंतीवर माझी प्रत होती, तिच्याजवळ गेले. चष्मा कपाळावर सरकवून नाक टेकेल इतक्या जवळून पाहिलं, वर्षानुवर्षं बघायचे तसं. म्हणाले, "अक्षर सुरेख बसलंय गं." उपरोध नव्हता. तेच जास्त लागलं.

मी धीर करून विचारलं, "काका, ती कुठं आहे?"

त्यांनी घड्याळ बघितलं. काही तरी सांगायला तोंड उघडलं, मग माझ्या मागच्या भिंतीकडे, पोस्टरकडे बघितलं आणि मिटलं. निघाले. खिडकीतून बघितलं तर सत्तरीचा माणूस रस्त्यानं पळत होता. अक्षरशः पळत! पिशवी पायांवर आपटत होती.

मी चिरंजीवाला फोन केला. सांगितलं—बाबा स्थानकाच्या दिशेनं गेलेत, घाईत आहेत.

बरोबरच केलं ना?

शनिवार, १५ नोव्हेंबर

सापडली!!

जिवंत! धडधाकट! चिरंजीवाचा फोन आला तेव्हा माझ्या हातातून कात्री पडली. दोन तासांवरच्या गावात होती. तिथल्या तिकीट-खिडकीवरच्या माणसानं पोस्टर पाहून नंबर फिरवला. एका शिवणकामाच्या कारखान्यात काम करत होती, बायकांच्या वसतिगृहात राहत होती. "मावशी, तुमच्या अक्षरांनी आणली हो तिला!" मी रडले. खाली जाऊन बाइंडराला सांगितलं, त्याच्या बायकोला सांगितलं. प्रकाशकालाही सांगितलं, तर म्हणतात, "बघा, याला म्हणतात उठाव!"

संध्याकाळी लेकीला फोन केला. सगळं पहिल्यापासून सांगितलं. काकाही तिथंच सापडले, स्थानकावर, तिच्याबरोबर, हे सांगितलं. तिची ट्रंक उचलून पुढच्या गाडीकडे चालले होते. ती इकडे यायची नव्हे, लांबच्या गावची गाडी. पिशवीत तिचे धुतलेले कपडे होते.

लेकीनं सगळं ऐकून घेतलं.

"आई," म्हणाली, "ती हरवली होती, की गेली होती?"

रविवार, १६ नोव्हेंबर

मूळ फोटो काढून पाहिला. न कापलेला. नव्या चष्म्यातून.

बोटं दंडावर ठेवलेली नाहीत. रुतलेली आहेत. कुडत्याच्या बाहीला त्यांच्याभोवती चुण्या पडल्यात.

मी ती दोनदा कापली. वाईट दिसतात म्हणून.

सोमवार, १७ नोव्हेंबर

काकांच्या घरी जाऊन आले. चिरंजीवानं दार उघडलं, अर्धंच. बाबा झोपलेत. ती? तीही झोपलीय. दुपारी चार वाजता? थकलीय हो, मावशी. हसून म्हणाला. दुकान दोन दिवस बंद ठेवलंय, तिच्याजवळ बसतो.

मागच्या गॅलरीकडून फिरून आले. दोरी रिकामी. गॅलरीच्या दाराला नवी कडी, बाहेरून.

मात्राकाकांनी वीस वर्षांत मला खोटं म्हणून एकच गोष्ट सांगितली, ती म्हणजे ते पोस्टर. आणि ती सापडू नये म्हणूनच ते खोटं होतं, एवढंच मी वाचलं नाही. लोकांना काय आधी दिसेल हे ठरवणारी मी! मला काय आधी दिसलं? ओले कपडे. रडका नवरा. सगळं ठळक ठळक तेवढंच वाचलं आणि निघाले पोस्टर करायला. बारीक अक्षरांत मांडलेलं वाचायला कुणाला वेळ होता!

मंगळवार, १८ नोव्हेंबर

जिन्याखालचं पोस्टर खरवडून काढलं. नीट निघत नाही. खळ घट्ट बसलीय. पुलावरची तीन काढली. माणसं बघत होती, एकानं हटकलंही—"ओ बाई, कुणी तरी हरवलंय, फाडताय काय?"

पोलिसांत गेले. फोटो दाखवला, बोटं दाखवली. "फोटोवरून काय होतं, मॅडम? तिला येऊन सांगू द्या." तिला यायला द्यायला हवं ना कुणी!

बुधवार, १९ नोव्हेंबर

ती आली. सव्वातीनला, एकटीच जिना चढून. तो खाली, रस्त्यापलीकडे उभा.

"आभार मानायला पाठवलंय," म्हणाली. उजवा हात अंगाशी धरलेला, हलवत नव्हती. मी माफी मागायला लागले तर मान हलवली—वेळ नाही. "बाबांनीच त्यांच्या डोक्यात घातलं, मावशींचे आभार मानायला पाठव म्हणून. बाबा म्हणाले, चूक माझ्या नजरेतून सुटली, तिला आधीच सांगायला हवं होतं." मग अगदी हळू—"मागून उतरायला वाट आहे, असं म्हणाले."

आहे. बाइंडरच्या गोदामातून. बाइंडर काही न विचारता पुढे झाला. माझी शाल दिली, पर्समध्ये होतं ते दिलं. कुठं जाणार ते सांगायला लागली, तर मीच तोंडावर हात ठेवला तिच्या.

मी खिडकीत बसून लिहितेय, म्हणजे त्याला दिसत राहीन. चहाचे दोन कप खिडकीत ठेवलेत. त्यानं दोनदा वर बघितलं. दोनदा हसून हात केला—थांब, गप्पा चालल्यात.

पावणेचारची गाडी सुटली असेल.

चार वाजून पाच मिनिटं. रस्ता ओलांडला त्यानं. जिन्यावर पावलं.

दार वाजतंय. वाजू दे.